शिकणाऱ्याला जागा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आपल्या चिंचवडात, आकुर्डीत, पिंपरीत कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात. इकडे विहारात त्रिसरण-पंचशील चाललेले असते आणि तिकडे वल्लभनगरच्या एस.टी. स्थानकावर परभणी, जालना, लातूर, धाराशिवहून आलेल्या गाड्यांतून पोरे उतरत असतात. पाठीवर सॅक, हातात अंथरुणाची वळकटी, खिशात कोणा मामाचा नाहीतर गाववाल्याचा फोन नंबर. तो मामा पत्राशेडात नाहीतर चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. त्या खोलीत आधीच पाच माणसे असतात.

वर्षावास म्हणजे काय ते आपण दरवर्षी ऐकता. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने हिंडू नये, एका ठिकाणी राहून ध्यान आणि अध्ययन करावे. पण ते ठिकाण आणायचे कोठून? भिक्खूजवळ पैसा नाही. ते ठिकाण गृहस्थाने द्यायचे, अशी रीत तथागतांच्या हयातीतच पडली. बिंबिसार राजाने वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन दिले. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने भिक्खूंसाठी एका दिवसात साठ निवारे उभे केले, अशी हकिकत विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. निवाऱ्याच्या दानाला तथागतांनी फार वरचे स्थान दिले, कारण ऊन, पाऊस, डास आणि सरपटणारे जनावर यांपासून अंग राखल्याशिवाय चित्त स्थिर होत नाही आणि अभ्यासही होत नाही. आज या निवाऱ्याबद्दलच बोलायचे आहे, पण भिक्खूंच्या नव्हे. शिकणाऱ्या पोरांच्या आणि पोरींच्या.

ज्या कुटुंबांनी गेल्या दोन-चार वर्षांत धम्मदीक्षा घेतली त्यांचा पहिला प्रश्न बहुधा फीचा असतो. फी कोठून आणायची? याचे उत्तर आधी देतो, कारण त्याला वाट आहे. १९४२ साली परमपूज्य बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा ही मागणी त्यांनी तेथे लावून धरली आणि १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. आई-वडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिक्षण फी, परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्यावर गेले तरी शिक्षण फी व परीक्षा फीची सवलत आहे. तिला फ्रीशिप म्हणतात.

ही भीक नाही, आणि मेहेरबानीही नाही. तेव्हा अर्ज भरताना मान खाली घालू नये आणि अर्ज भरायला आळसही करू नये.

दुसरा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. आम्ही बौद्ध झालो, आता सवलत जाईल का? कोणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेले असते की धर्म बदलला की कागद रद्द. ही शंका हवेतून आलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे होते. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली, पण बौद्धांचे नाव त्या आदेशात यायला १९९० साल उजाडले. मधली चौतीस वर्षे आपल्या आजोबा-पणजोबांनी केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडून मुले शिकवली. महाराष्ट्र सरकारने मात्र १९६० पासूनच नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या होत्या. आज कायदा स्पष्ट आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याची सवलत जात नाही.

मात्र कागद लागतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा व्यावसायिक शिक्षणाला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रातले असल्याचा पुरावा मागतात. तो पुरावा चिंचवडात मिळायचा नाही. तो गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात, आजोबाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात, कोतवाल बुकाच्या नकलेत असतो. मूल दहावीत गेले की दिवाळीच्या सुटीत गावी जाऊन तो काढून आणावा. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांची वर्षे वाया गेलेली आहेत. काही तरुण म्हणतात, आम्ही जात टाकली, मग तिचा कागद कशाला बाळगायचा? त्यांची चीड मला कळते. पण हा दाखला आपल्या घराण्यावर झालेल्या अन्यायाची पावती आहे. पावती फाडली म्हणून अन्याय झालाच नव्हता असे होत नाही, उलट भरपाई तेवढी बुडते.

आणखी एक सावधगिरी. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या यादीतून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. प्रवेश सरकारी फेरीतूनच, कॅप राउंडमधूनच घ्यावा. दलाल सांगतो, जागा पक्की करतो, एवढे भरा. घाबरलेला बाप दागिना मोडून भरतो आणि चार वर्षांची फी अंगावर घेतो. त्यापेक्षा मनाजोगती नसलेली शाखा पत्करावी, पण फेरीतून पत्करावी. शिवाय वर्गातील हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर शिष्यवृत्ती अडते, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

इथपर्यंत फीचे झाले. पैसे उशिरा येतात, हेलपाटे पडतात, हे खरे. पण वाट आहे.

जागेला मात्र अशी सरळ वाट नाही. समाजकल्याण खात्याची मागासवर्गीय मुला-मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे राहणे-जेवण फुकट आहे, आणि मुलाने प्रथम अर्ज तेथेच करावा. पण जागा थोड्या आणि अर्ज फार. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची रक्कम ठरवताना मुंबई, पुणे, नागपूर यांच्या बरोबरीने पिंपरी-चिंचवडला वरच्या गटात धरले. वर्षाला जेवणासाठी ३२,००० रुपये, राहण्यासाठी २०,०००, निर्वाहासाठी ८,०००, असे ६०,०००. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण राहण्याच्या २०,००० ला बाराने भागा. महिन्याला १,६६७ रुपये येतात. एवढ्या पैशात चिंचवडात कॉट बेसिसवर खाट तरी मिळते का, हे स्टेशनच्या आसपास विचारपूस केलेल्या पालकांनी स्वतःच सांगावे. त्यातून ती रक्कम महिन्याच्या महिन्याला येत नाही. हप्त्याने येते, आणि येते तेव्हा येते. घरमालक डिपॉझिट आजच मागतो. खानावळवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो.

शिवाय स्वाधारची अट अशी की विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा. म्हणजे परभणीच्या मुलाला निदान अर्ज तरी करता येतो. पण ज्याचा बाप १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून इथे आला, इथेच ठेकेदाराकडे हमाली करत म्हातारा झाला, त्या घरातल्या मुलीला वसतिगृहाचा आधार नाही आणि स्वाधारही नाही, कारण ती 'स्थानिक' आहे. तिला घर आहे असे सरकार समजते. त्या घरात एकच बल्ब, एक टी.व्ही., दोन भाऊ, एक वहिनी आणि तिचे तान्हे मूल आहे, हे कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे या एका बाजूने पाहा. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्यांनी जागेसाठी काय सोसले ते मोजत नाही. परळच्या चाळीत एका खोलीत सगळा संसार होता. दोघांना एकदम अंग टाकायला जागा नव्हती. म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत पाळीवर जाणारी पोरे एकाच खाटेवर पाळीने झोपतात, त्यांना हे समजावून सांगायला नको. १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून ते अमेरिकेत गेले, तिथून लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत आले. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांकडे विचारणा केली, दोघांनीही टाळले. शेवटी ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

आजही खोली दाखवताना घरमालक आधी भाडे सांगत नाही. आधी आडनाव विचारतो. शंभर वर्षांत एवढाच फरक पडला की आता काठ्या नसतात, 'खोली कालच गेली' असे गोड शब्दांत सांगतात. आपली काही मुले अशा वेळी दुसरेच आडनाव सांगतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण ज्या मुलाला राहण्यासाठी रोज खोटे बोलावे लागते त्याच्या चौथ्या शीलाचा भार कोणाकोणावर पडतो, याचा विचार ज्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे अशा बौद्ध घरमालकांनी करावा. आपल्यातलेही काही आता घरमालक झाले आहेत. थेरगाव-काळेवाडीत दोन मजले चढवून भाडेकरू ठेवणारे आहेत. त्यांनी आपल्या भाडेकरूंत विद्यार्थी किती, हे मोजून पाहावे.

बाबासाहेब परत लंडनला कसे गेले? सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून महिना साडेचारशे पगारातून त्यांनी काटकसरीने पैसा साठवला. शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले. १९२० साली ते गेले आणि लंडनमध्ये अर्धपोटी राहून १९२३ पर्यंत अभ्यास पुरा केला. इकडे माता रमाईने संसार कसा ओढला ते सर्वांना ठाऊक आहे.

आणि परत आल्यावर त्यांनी काय केले हे फार महत्त्वाचे आहे. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेतर्फे सोलापूरला वसतिगृह सुरू केले. शिक्षणाच्या कामात सभेचे पहिले मोठे पाऊल पडले ते मुलांच्या राहण्या-जेवणाच्या सोयीसाठी. का? सरकारी शाळांचे दार कायद्याने उघडत होते, पण खेड्यातले पोर शहरात राहणार कोठे? ज्याला कामाठी बागेत बसावे लागले त्यालाच हे सुचणार. पुढे १९२८ साली काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीचेही मुख्य काम वसतिगृहांचेच होते. छत्रपती संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा नागसेनवनात वर्गांच्या बरोबर वसतिगृहेही उभी राहिली. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांचे धान्य संपले तेव्हा रमाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, ही आठवण आपल्या घराघरांत सांगतात. सांगणारे रडतात, ऐकणारे रडतात, आणि मग पुढच्या महिन्यात लग्नाचा हॉल बुक करतात.

हे दान श्रीमंतांनाच शक्य आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने एका रविवारी चिंचवडहून लोणावळा लोकल धरावी आणि मळवलीला उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याच्या लेण्यात भिक्खूंच्या कोठड्या आहेत. आत दगडात कोरलेले ओटे आहेत, झोपण्यासाठी. निगडीच्या ओटा स्कीममधल्या माणसांना ते पाहून हसू येईल आणि जवळचेही वाटेल. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. एकेक खांब एकेका माणसाने दिलेला. देणाऱ्यांत धेनुकाकट गावचे व्यापारी आहेत, परदेशातून आलेले यवन आहेत. दरवाजावर एका सुताराचे नाव आहे, सामी त्याचे नाव. अत्तर विकणाऱ्या सिंहदत्ताचे नाव आहे. एकट्याने सगळे लेणे दिले नाही, कोणी खांब दिला, कोणी दरवाजा दिला. सुताराने सुताराच्या ऐपतीने दिले.

याहूनही कामाचा लेख नाशिकला त्रिरश्मी लेण्यांत आहे, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा. मला हा लेख फार आवडतो, कारण त्यात हिशेब आहे. त्याने लेणे तर दिलेच, पण त्यात राहणाऱ्यांचा खर्च कसा चालावा याचीही सोय केली. तीन हजार कार्षापण बाजूला काढले. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच खायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज झाले दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू वीस. प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा कार्षापण. हिशेब तंतोतंत जुळतो. आजच्या भाषेत ही शिष्यवृत्तीची कायम ठेवच झाली, आणि तो पैसा सांभाळणारे कोण, तर विणकर. हाताने काम करणारी माणसे.

नालंदा एवढे मोठे विद्यापीठ होते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचे काय? चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगच्या चरित्रात लिहिले आहे की सुमारे शंभर गावांचा महसूल नालंदेला लावून दिला होता आणि गावकरी रोज तांदूळ, दूध, लोणी पोचवत. शिकणाऱ्याने भाकरीसाठी हात पसरू नये, म्हणून ही तजवीज. आपण नालंदेचा अभिमान सांगतो. त्या शंभर गावांच्या जागी आज आपल्या वस्त्या आहेत.

आता आपल्या विहारांकडे या. विहार या शब्दाचा मूळ अर्थ राहण्याची जागा. आपल्या वस्त्यांत विहार झाले, वर्गणी काढून, घाम गाळून झाले, फरशी बसली, मूर्ती आली. पण वंदना संपली की कुलूप लागते ते पुढच्या रविवारपर्यंत. कुलपाच्या आत पंखा आहे, दिवा आहे, सतरंजी आहे, शांतता आहे. कुलपाबाहेर ती 'स्थानिक' मुलगी उंबऱ्यावर बसून रस्त्याच्या दिव्याखाली वाचते. रात्री आठ ते अकरा आणि पहाटे पाच ते सात विहार अभ्यासिका म्हणून उघडा ठेवावा. ज्यांनी हे केले आहे त्यांच्याकडून शिकावे. किल्ली दोन जबाबदार उपासकांकडे असावी, त्यांतली एक बाई असावी, म्हणजे मुलींना येता येईल. विजेचे बिल वाढेल ही तक्रार मी ऐकली आहे. चौदा एप्रिलच्या ध्वनिवर्धकांचे बिल कोणी विचारल्याचे मात्र ऐकले नाही.

बाहेरगावच्या मुलांसाठी खाट. आपल्या बायका भिशी चालवतात, अगदी चोख चालवतात. तशीच एक भिशी विद्यार्थ्याच्या खाटेची करा. समजा वीस घरे आहेत. प्रत्येकाने महिन्याला दोनशे रुपये दिले तर चार हजार होतात, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. यातून एका मुलाचे भाडे आणि डब्याचा काही भाग निघतो. स्वाधारचे पैसे येईपर्यंतची उसनवारी यातूनच भागवता येते, आणि ते आले की मुलाने तेवढे परत भरावे. उषवदातासारखे नुसत्या व्याजावर चालवायचे तर आज मोठे मुद्दल लागेल. वर्षाला सहा टक्के धरले तर चोवीस हजारांच्या भाड्यासाठी चार लाख. ते आज जमायचे नाही. पण दर महिन्याच्या जमेतला थोडा भाग मुद्दल म्हणून बाजूला टाकत गेलात तर हळूहळू जमेल. हिशेब दर पौर्णिमेला फळ्यावर लिहावा. पैसा कोणा एकाच्या खात्यावर ठेवू नये, मग तो कितीही मोठा कार्यकर्ता असो. आपल्या संस्था मोडल्या त्या पैसा नव्हता म्हणून कमी, आणि हिशेब नव्हता म्हणून जास्त. नोकरी लागल्यावर मुलाने मिळालेले पैसे पुढच्या मुलासाठी परत करावेत. कर्ज म्हणून लिहून घेऊ नका, पण सांगायला विसरू नका.

काही घरे नातेवाइकांचे पोर स्वतःच्या घरात ठेवून घेतात. हे सर्वांत मोठे दान आणि सर्वांत अवघडही. त्यात भांडण कशावरून होते ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी, संडास, उशिरापर्यंत जळणारा दिवा, आणि पोराला सांगितलेली घरकामे. जो भाचा शिकायला आणला त्याला दुकानावर बसवायचे आणि दोन वेळचे जेवण दिले म्हणून उपकार बोलून दाखवायचे, याला दान म्हणत नाहीत. उलट पोरानेही अंथरूण गुंडाळावे, पाणी भरावे, मामीला 'उशीर होईल' हे सांगून जावे. पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंनी हे बोलून घ्यावे.

द्यायचे तर गाठीला हवे. बापहो, इथे तथागत काय सांगतात ते ऐका. कोलिय देशात कक्करपत्त नावाच्या गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ तथागतांकडे आला. म्हणाला, आम्ही बायका-मुलांत राहणारी, अत्तर-चंदन लावणारी, सोने-रुपे हाताळणारी माणसे, आमच्या उपयोगाचे काही सांगा. तथागतांनी त्याला घर सोडायला सांगितले नाही. चार गोष्टी सांगितल्या: कष्टाने कमवावे, कमावलेले राखावे, चांगल्यांची संगत धरावी आणि तराजू धरणाऱ्यासारखे जमा-खर्चाकडे पाहून जगावे. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा असतात तशा जाण्याच्याही असतात, आणि दारू, जुगार, बदफैली व वाईट सोबत या जाण्याच्या वाटा. आज जुगार पत्त्यांचा राहिलेला नाही. तो मोबाईलमध्ये आला आहे, आणि पगाराच्या दिवशी पोरे पाळीवरून घरी पोचेपर्यंत तळे आटलेले असते.

सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग खायला-प्यायला, दोन भाग कामधंद्यात, एक अडीअडचणीला. ठेकेदाराकडे काम करणारा म्हणेल, माझ्या पगारातून भाडे, रॉकेल जाऊन गॅस आला तो, आणि किराणा, एवढे भागले तरी पुष्कळ. निम्मे कोठून बाजूला काढू? बरोबर आहे. आकड्याने ही वाटणी आपल्याला जमायची नाही, पण क्रमाने जमेल. ज्याच्या हातात धंदा नाही, शेत नाही, त्याचा धंदा म्हणजे त्याचे शिकणारे मूल. पगार झाला की आधी त्याचा भाग काढावा, उरलेल्यात घर चालवावे. सगळे भागवून उरले तर मुलाला, असे ठरवले की कधीच उरत नाही.

कर्जाबद्दल. तथागतांनी गृहस्थाच्या सुखांत ऋणमुक्त असण्याचे सुख वेगळे सांगितले आहे. आणि कर्जाचे दुःख तर पायरी-पायरीने उलगडून दाखवले: गरीब कर्ज घेतो, व्याज कबूल करतो, मुदतीला देता येत नाही, लोक तगादा लावतात, मागे फिरतात, शेवटी बांधून नेतात. आज बचत गटाच्या नावाने आठवड्याचा हप्ता मागायला दारात मोटारसायकल लावून बसणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सुत्त समजावून देण्याची गरज नाही. पण बाबासाहेबांनीही कर्ज घेतले होते. मग फरक कोठे? त्यांचे कर्ज पदवीसाठी होते आणि ते फेडण्याची कुवत त्या पदवीतून येणार होती. लग्नाच्या हॉलसाठी घेतलेल्या कर्जातून हप्त्याशिवाय काही येत नाही. आपण धम्म पद्धतीने लग्न लावतो. वीस मिनिटांत विधी होतो, मेणबत्ती आणि फुले एवढाच त्याचा खर्च. मग चार लाखांचे कर्ज कशाचे होते?

शिक्षणासाठी कर्ज लागलेच तर बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई-वडील सहकर्जदार असले म्हणजे झाले. फेड अभ्यासक्रम संपून आणखी एक वर्ष झाल्यावर सुरू होते. व्याज मात्र आधीपासून चढत असते, ते जमेल तसे भरत गेलात तर पुढे बरे पडते. त्या कर्जात वसतिगृहाचा खर्चही धरता येतो, हे बरेच जण विचारतच नाहीत. ज्यांचा पी.एफ. कापला जातो त्यांना मुलांच्या शिक्षणासाठी त्यातून उचल मिळू शकते. सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी या दोन दारांवर जाऊन यावे.

काम करून शिकणे यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हजारो पोरे कमवा आणि शिका म्हणूनच घडवली, आणि पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत त्या नावाची योजनाही आहे. पण कॉलेजातल्या ग्रंथालयात दोन तास काम करणे वेगळे आणि चाकणला रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगणे वेगळे. पहिल्या वर्षी हातात पगार खेळू लागला की दुसऱ्या वर्षी पोर कॉलेज सोडते, आणि तिसऱ्या वर्षी ठेकेदार त्याला सोडतो. या पट्ट्यात हे इतक्यांदा झाले आहे की सांगताना कंटाळा येतो.

मुलींबद्दल शेवटी बोलतो आहे. खरे तर आधी बोलायला हवे होते, कारण पैसा कमी पडला की पहिली कात्री तिच्या शिक्षणाला लागते. फी माफ असते, शिष्यवृत्ती असते, गुण भावापेक्षा जास्त असतात, पण 'राहायला ठेवायची कोठे' या एका वाक्यावर तिचे लग्न ठरते. तिच्या आड जागा येते, फी येत नाही. म्हणून खाटेच्या भिशीतली पहिली खाट मुलीची असावी. नोकरी करणाऱ्या दोन-तीन उपासिकांनी मिळून खोली घेतली असेल तर त्यांनी चौथी म्हणून एक विद्यार्थिनी घ्यावी. शासकीय मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरताना बापाने स्वतः बरोबर जावे, इमारत पाहावी, गृहपाल बाईंशी बोलावे, म्हणजे गावी परतल्यावर भावकीच्या चार प्रश्नांना त्याच्याजवळ चार उत्तरे असतील.

ज्यांच्या घरी दहावी, बारावी किंवा डिप्लोमाचे मूल आहे त्यांनी येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर थांबावे. येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि मुलाच्या नावाचे आधार जोडलेले बँकेचे पासबुक आणावे. कॉलेजात शिकणारी तीन-चार मुले अर्ज तपासून द्यायला बसतील. ज्यांच्या घरात एक खाट, एक कोपरा, किंवा महिन्याला दोनशे रुपये आहेत त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव लिहावे. मुलींची खाट ज्यांना देता येईल त्यांनी नावापुढे तसे लिहावे.

भवतु सब्ब मंगलं.